सीलबंद डब्यात नासलेलं दूध

पोलिसातली नोकरी संपून बराच काळ लोटला. दरोड्यांचे, खुनांचे कितीतरी तपशील आता पुसट झाले आहेत, कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला याची सरमिसळ होते. पण माझ्या टेबलावर नासलेल्या दुधाचा डबा आदळला गेला ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. त्या गुन्ह्याचा तपास सांगायला बसलो की आजही मी खुर्चीच्या कडेवर येतो. माझी बायको म्हणते, खुनाच्या गोष्टी तुम्ही जांभया देत सांगता आणि दुधाची गोष्ट हातवारे करून.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि मी बार्शीटाकळीच्या बाजूच्या एका ठाण्यावर ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, एक कोठडी, रोजनामचा लिहायचं उतरतं टेबल आणि आमचे जमादार. जमादार म्हणजे हेड कॉन्स्टेबल. माणूस कामाचा, पण चहाचा इतका शौकीन की पंचनाम्याला निघतानाही त्यांच्या झोळीत शाईच्या दौतीबरोबर चहाची पुडी असे.

ठाण्याच्या हद्दीत माळ्यांची वस्ती असलेलं एक गाव होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवायची आणि अकोल्याच्या बाजारात न्यायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. जमिनी लहान, विहिरीवरच्या. भाजीचा पाला, गाजराची पानं, मक्याचे धांडे फुकट जायचे. शेतकी खात्याचे एक अधिकारी अमरावतीहून फिरतीवर आले, त्यांनी हा वाया जाणारा हिरवा चारा पाहिला आणि बायकांना सांगितलं की घरटी एक म्हैस बांधा आणि दूध एकत्र करून शहरात विका. बायकांनी ते मनावर घेतलं. कोणी पाटल्या मोडल्या, कोणी माहेराहून आणली, पण वर्ष-दोन वर्षांत दारोदारी एलिचपुरी म्हशी रवंथ करताना दिसू लागल्या. त्यांनी दुधाची मंडळी, म्हणजे सहकारी संस्था, काढली, खात्याकडून कल्हईचे मोठे झाकणाचे डबे मिळवले, आणि अकोल्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याशी रोज दूध पोचवायचं ठरवलं.

मी त्या गावात आधीही जात होतो, म्हणून फरक डोळ्यांनी पाहिला. मंडळीचा नियम होता की घरातल्या पोरांना पेलाभर दूध पाजल्याशिवाय डब्यात दूध ओतायचं नाही. पूर्वी त्या गल्लीत फुगलेल्या पोटांची, काडीसारख्या हातांची पोरं दिसत. आता तीच पोरं माझ्या घोड्यामागे आरडाओरडा करत धावायची. घरांवर नवी कवेलू चढली. मुली शाळेत दिसू लागल्या. मला तर ते गाव पाहिलं की उगाच आनंद व्हायचा.

या सगळ्याच्या मुळाशी एक वयस्कर बाई होती. सगळं गाव तिला मोठीमाय म्हणे. सकाळी मंडळीच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, सगळ्यांचं दूध तीच मापायची, संध्याकाळी रिकामे डबे तीच घासायची. तिच्या डब्यात तोंड दिसायचं, इतके ते लखलखीत असत. देवभोळी, फटकळ आणि सरळ. तिने 'बस खाली' म्हटलं की पाटीलसुद्धा बसायचे.

तर त्या सकाळी ही मोठीमाय दहा-पंधरा बायका घेऊन ठाण्यात शिरली आणि डबा माझ्या टेबलावर आदळला. झाकण उघडलं तर आत फुटक्या दुधाचे गोळे आणि हिरवट पाणी. आंबूस वास कोठडीपर्यंत गेला.

"साहेब, आमच्या पोटावर पाय देऊन राहिला तो!" ती कडाडली.

"कोण, मोठीमाय?"

"कोण म्हंता? तो गवळी! आमच्या दुधात काही टाकते तो. उन्हाळा लागल्यापासून पाहा, आज नासते, उद्या नासते. दवाखान्यातले डॉक्टर म्हंतात, या आठवड्यात सुदरलं नाई त दूध बंद. दूध बंद झालं त आमी या म्हशी कुठं नेवाव? बाजारात? पुन्हा लेकराइले पेज पाजाव?"

गवळी म्हणजे पलीकडच्या गावचा दुधाचा व्यापारी. मंडळी निघायच्या आधी सारं दूध त्याच्याच हाती होतं. तो सांगेल तो भाव. बायकांनी स्वतःची वाट धरल्यावर त्याचा धंदा बसला आणि भर बाजारात तो ओरडला होता की तुमचं दूध किती दिवस टिकते ते पाहतो. हे बाजारातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. धमकी होती, कारण होतं, नुकसान तर टेबलावर सांडत होतं. मी फिर्याद नोंदवली, रोजनामच्यात नोंद घातली आणि बायकांना शब्द दिला की दवाखान्याची मुदत संपायच्या आत याचा छडा लावतो. शब्द दिला खरा, पण त्या बायका गेल्यावर मी मुदतीचे उरलेले दिवस बोटांवर मोजले. दरोडेखोर पळाला तर पुन्हा सापडतो. दवाखान्याने एकदा डबे परत पाठवले असते तर त्या दारच्या म्हशी पुन्हा दिसल्या नसत्या.

दुपारीच खबर आली. माझा खबरी बाजारात पानाची गादी चालवायचा आणि पान लावता लावता बातम्या गोळा करायचा. तो मागच्या दाराने आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मंडळीच्या कोठ्यापाशी गवळ्याले म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. दिवेलागणीले. डब्याचं झाकण उचलून पाहून राहिला होता. मी खाकरलो त सटकला."

आता काय बाकी राहिलं! जमादारांच्या तर मिशा फुलल्या. तासाभरात गवळी माझ्यासमोर उभा होता. धिप्पाड गडी, कानात बाळ्या, डोक्याला लाल पटका. पोलिसात राहिलेल्या माणसाला एक सवय लागते. आरोपी आत आला की तो आधी कुठे पाहतो ते बघायचं. अपराधी माणूस बहुधा दाराकडे पाहतो किंवा जमिनीकडे. हा सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि भलताच संतापलेला होता.

"कोठ्यात गेला होतास?"

"गेल्तो."

इतक्या चटकन कबुली येईल असं मला वाटलं नव्हतं. "कशाला?"

"पाहाले! काहून नाई जाव? माहा धंदा त्या डब्यानं बुडवला साहेब. मंग तो डबा हाय तरी कसा, झाकण कसं बसते, हे पाहू नाई का? मले वाटलं, आपणबी असे डबे आणू. आपलंबी दूध शहरात नेऊ."

"आणि दुधात काय टाकलंस?"

झालं. माणूस असा उसळला की शिपायाने त्याचा दंड धरला. "दुधात? म्या? साहेब, माह्या बापानं, आज्यानं म्हशीच्या जीवावर पोट भरलं. मी माणसाशी भांडन, पण दुधाशी नाई. म्या बाजारात बडबड केली, ते खरं. माही जीभच तशी हाय." मग त्याने जे म्हटलं ते माझ्या साऱ्या नोकरीत दुसऱ्या कोणी म्हटलं नाही. "मले आत टाका. आत्ताच्या आत्ता टाका! कुलूप लावा न्‌ किल्ली तुमच्या खिशात ठेवा. मंग पाहू उद्या दूध नासते का नाई. नाई नासलं त मी चोर. अन् नासलं त मंग मी कोण, ते तुमी सांगजा सगळ्याइले."

जामिनासाठी रडणारे पुष्कळ पाहिले होते. कोठडीसाठी भांडणारा पहिलाच! मी त्याला कोठडीत ठेवलं, किल्ली खिशात टाकली आणि कामाला लागलो. मंडळीच्या कोठ्यावर एक शिपाई पहाऱ्याला बसवला, त्याला ताकीद दिली की बाहेरचा माणूस फिरकता कामा नये. पहाटे धारा निघाल्या, मोठीमायने माप घेतलं, डबे भरले. मग मी स्वतः प्रत्येक झाकणाला सुतळी बांधली आणि गाठीवर लाख ओतून ठाण्याचं सील मारलं, अगदी खुनातली कुऱ्हाड तपासणीला पाठवताना मारतात तसं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बैलगाडीवर डब्यांशेजारी जमादार बसले आणि मी घोड्यावरून मागे निघालो. अकोल्यापर्यंत माझी नजर त्या डब्यांवरून हलली नाही. गाडीवान बैलांना पाणी पाजायला थांबला तरी मी हात बांधून डब्यांशेजारी उभा.

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात डॉक्टर वाट पाहत उभे होते. मी सीलं दाखवली. सगळी शाबूत. त्यांच्यासमोर तोडली. दूध पांढरंशुभ्र, वरून काही कळेना. मोठ्या पातेल्यात ओतून चुलीवर चढवलं. मी वाकून पाहत होतो. कडेने बुडबुडे आले, वाफ निघाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं पातेलं फुटलं. गोळे वर, पाणी खाली.

गवळी कोठडीत, किल्ली माझ्या खिशात, सील माझ्या हातचं, वाटेत माझा पहारा, आणि दूध नासलेलं! डॉक्टर सज्जन माणूस. ते म्हणाले, "ठाणेदारसाहेब, मी उद्याचा दिवस देतो. आजाऱ्यांना मी हे दूध देऊ शकत नाही." गाडीवानाने कानाला हात लावला आणि पुटपुटला की ही भानामती हाय. मी जाणलं की संध्याकाळपर्यंत हा शब्द गावभर होणार, आणि मग मांत्रिक येणार, कुणा गरीब विधवेवर नाव येणार, आणि माझा तपास गेलाच.

मी डोकं धरून पायरीवर बसलो. शेजारी जमादार बशीत ओतून फुर्र फुर्र चहा पीत होते. मला त्यांचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

"इथे गाव बुडतंय आणि तुम्हाला चहा सुचतो?"

"साहेब, पहाटेपासून घशात थेंब नाई. आचाऱ्याले म्हटलं, बाजूच्या चुलीवर कर." ते ओशाळून म्हणाले आणि दुसरी कपबशी माझ्यापुढे सरकवली. मी रागातच घोट घेतला. छान दुधाचा, दाट, गोड चहा. दुसरा घोट घेता घेता मी थबकलो.

"जमादार, हे दूध कुठलं?"

"तिथलंच साहेब. मोठीमायच्या म्हशीचं. ती धार काढून राहिली होती, म्या लोटा पुढं केला. गाडीवर माह्याजवळच होता."

मी ताडकन उठलो. कपबशी कुठे ठेवली ते आठवत नाही! म्हैस तीच, पहाट तीच, गाडी तीच, ऊन तेच, चूलही जवळपास तीच. लोट्यातलं दूध टिकलं आणि डब्यातलं नासलं. म्हणजे म्हशीत दोष नाही, चाऱ्यात नाही, वाटेत नाही. जे काही होतं ते दूध पडण्याच्या आधीच डब्यात होतं! आम्ही चोराला सील करून स्वतःच्या हाताने अकोल्याला आणलं होतं.

घोड्याला मी त्या दिवशी जितकं पळवलं तितकं दरोडेखोरांच्या मागेही पळवलं नसेल. ठाण्यात येताच पहाऱ्याच्या शिपायाला बोलावलं. कोण आलं होतं? कोणी नाही साहेब. आठवून सांग. कोणी नाही, संध्याकाळी मोठीमायनं डबे घासले आणि ती घरी गेली, बस. आणखी काही? काही नाही साहेब.

संध्याकाळी मी एकटाच कोठ्यावर गेलो. मोठीमायला म्हटलं, "मी इथे नाही असं समजा. रोज जे करता ते करा, जसंच्या तसं." मी खाटेवर बसलो. तिने राख घेतली, डबे आतून बाहेरून घासले, विहिरीच्या पाण्याने विसळले, मग उकळतं पाणी फिरवलं. फडक्याने कोरडे केले. इतकी स्वच्छता मी कुठल्या साहेबाच्या बंगल्यातही पाहिली नव्हती. माझी आशा मावळायला लागली होती. तेवढ्यात ती आत गेली, सांजच्या धारेचं दूध घेऊन आली, प्रत्येक डब्यात घोटभर दूध ओतलं, हात जोडले आणि झाकण लावलं.

"मोठीमाय!" मी इतक्या जोरात ओरडलो की कोपऱ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. "हे काय केलंत?"

ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहू लागली. "काय म्हंजे? दुधाचं भांडं रितं ठेवतात का कोणी? घरची लक्ष्मी जाईल ना. घोटभर त ठेवाच लागते. तुमच्या मायनं नाई ठेवलं का कधी?"

ठेवलं होतं. माझ्या गावी, नांदगाव पेठेत, आमच्या घरी आई रोज ठेवायची. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या घरीही ठेवत असणार. त्याने हे पाहिलं होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. आमच्या घरी ते चालून जायचं, कारण धार निघाली की दूध लगेच चुलीवर चढायचं. इथे मात्र वैशाखाच्या उकाड्यात ते घोटभर कच्चं दूध झाकणाखाली सकाळपर्यंत आंबत होतं आणि पहाटे त्याच्यावर ताजं दूध पडत होतं. थंडीत ते गोड राहायचं, म्हणून हिवाळाभर काही बिघडलं नाही. मोठीमाय रोज अख्ख्या गावाच्या दुधाला स्वतःच्या हाताने विरजण लावत होती, हात जोडून.

मी तिला हे समजावून सांगितलं. विरजण म्हणताच तिला कळलं. दह्यात जन्म गेलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? ती मटकन खाली बसली. चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. मी म्हणालो, "हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. उद्यापासून घोटभर दूध डब्यात न ठेवता कोनाड्यात वाटीत ठेवा. गावाला मी काहीतरी सांगतो. गवळ्याला सोडून देतो."

"काहीतरी म्हंजे काय सांगान?" तिने विचारलं.

"उष्णतेनं नासलं म्हणेन."

"अन् त्याले? त्याले चोर म्हंते सारं गाव. म्याच म्हनाले लावलं." ती उठली, पदर खोचला. "चला."

ती तरातरा चावडीवर गेली. कोतवालाला दवंडी द्यायला लावली. बाया, माणसं, पोरं सगळी जमली. मी शिपाई पाठवून गवळ्याला आणवलं. आणि सगळ्यांसमोर ती बाई उभी राहून बोलली. "दूध गवळ्यानं नाई नासवलं. म्या नासवलं. माह्या या हातानं. मी डब्यात घोटभर शिळं दूध ठेवत होती, त्यानं विरजण लागत होतं. तुमच्या लेकराइच्या तोंडचं म्या घालवत होती अन् बोट या माणसाकडं दाखवत होती." मग गवळ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, मी चुकली. चारचौघात तुले चोर म्हटलं, आता चारचौघात सांगते, तू चोर नाई."

गवळ्याने लाल पटका काढला, पुन्हा बांधला. शेवटी म्हणाला, "मोठीमाय, माही मायबी तसंच ठेवते वं. मले तरी कुठं समजलं? पण आता एक करा. माह्या म्हशीचं दूधबी तुमच्याच डब्यात घ्या." पहिल्यांदा एक म्हातारी हसली, मग सारी चावडी हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच अकोल्याला गेलो. गाडीत मोठीमाय बसली होती, गवळी बैल हाकत होता. आदल्या रात्री डबे उकळत्या पाण्याने धुऊन रिकामेच पालथे घातले होते. डॉक्टरांनी पातेलं चढवलं. मोठीमायने डोळे मिटून घेतले. मी तिला दंडाला धरून हलवलं, "अहो, पाहा तरी!" दूध वर आलं, फुगलं, आणि कोणी पातेलं उतरवायच्या आधीच भसाभस उतू गेलं. गवळी टाळ्या पिटत सुटला. जमादार ओरडले की साहेब, आज तरी चहा होऊ द्या. डॉक्टर हसून म्हणाले, उद्यापासून एक डबा जास्त आणा. परतीच्या वाटेवर मोठीमाय गाडीत गाणं म्हणत होती आणि मी, सरकारी गणवेशातला ठाणेदार, घोड्यावरून तिला साथ देत होतो!

त्या तपासाने माझी पद्धत बदलली. तोवर मी प्रत्येक गुन्ह्यात पहिला प्रश्न विचारायचो की वैर कोणाशी आहे. त्यानंतर मी माणसाला आधी त्याचा रोजचा दिवस सांगायला लावायचो, उठल्यापासून निजेपर्यंत, आणि जे सांगण्यासारखं नाही असं त्याला वाटतं तेही. नव्या शिपायांनाही मी तेच शिकवलं. पण खरी शिकवण ती नव्हे. माझ्यासमोर पुष्कळांनी कबुलीजबाब दिले. कोणी पुराव्यापुढे वाकून दिले, कोणी सुटकेच्या आशेने. माझ्याखेरीज कोणालाही ठाऊक नसलेली चूक, मी ती झाकून टाकायला तयार असताना, दवंडी पिटून गाव गोळा करून कबूल करणारी माझ्या सबंध नोकरीत ती एकच बाई होती. आणि तिच्या नावावर रोजनामच्यात गुन्हाच नव्हता.